वसई परत आली, साष्टी राहिली

नोकरीची जवळजवळ सगळी वर्षे मी वसई रोडहून चर्चगेटची गाडी धरली. नायगाव सुटले की गाडी खाडीवरच्या पुलावर येते. डब्यातल्या भजनी मंडळींचे टाळ तोवर रंगात आलेले असतात, चौथ्या सीटवर टेकलेला माणूस जरा सैलावतो आणि दारातल्या पोरांच्या अंगावर खारा वारा येतो. मध्ये पाणजू बेट लागते, मग भाईंदर. हा दोन-तीन मिनिटांचा प्रवास आम्ही वसईकर रोज करतो. त्या पुलावर आपण एका जुन्या तहाची हद्द ओलांडतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. माझ्याही नव्हते.

ते ध्यानात आणून दिले माझ्या नातीने. मागच्या हिवाळ्यात तिला घेऊन मी वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. चिमाजीअप्पांचा पुतळा, नागेश्वराचे देऊळ, पडक्या चर्चच्या कमानी असे सगळे हिंडून झाल्यावर आम्ही खाडीच्या बाजूच्या तटावर जाऊन बसलो. १७३९ साली चिमाजीअप्पांनी ही वसई पोर्तुगीजांकडून घेतली, हे तिला ठाऊक होते. तिने विचारले, की मग इंग्रजांनी ती कधी घेतली. मी सांगितले, की एकदा १७८० मध्ये घेतली, पुढे दोन-अडीच वर्षांनी परत दिली आणि नंतर केव्हातरी कायमची घेतली. पोरगी चमकली. इंग्रजांनी घेतलेले कधी परत दिले होते, हेच तिला नवे होते. कोणाला दिले, का दिले, आणि वसई दिली तर समोरची, पाण्यापलीकडची जमीन का नाही दिली, असे तिने एकामागून एक विचारले.

पाण्यापलीकडची जमीन म्हणजे साष्टी. आजचे भाईंदर, मिरा रोड, बोरिवली, ठाणे हे सगळे त्या साष्टी बेटावर वसलेले आहे. नातीच्या प्रश्नांना मला धड उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी पुस्तके काढली. रियासतकार सरदेसाई काढले, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी लिहिलेले चरित्र पुन्हा वाचले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळेला तोटा नसतो. वाचता वाचता मला माझ्याच धंद्यातला एक माणूस भेटला. त्याचे नाव बाळाजी जनार्दन भानू. आपण त्यांना नाना फडणीस म्हणून ओळखतो.

फडणीस म्हणजे हिशेबाचा माणूस. पेशव्यांच्या दौलतीचा जमाखर्च त्याच्या नजरेखालून जायचा. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. घराणे मूळचे कोकणातले, वेळासचे. वडील वारले तेव्हा नानांचे वय चौदाच्या आसपास होते, आणि फडणिशी त्या वयातच अंगावर आली. एकोणिसावे वर्ष लागायच्या सुमारास ते सदाशिवरावभाऊंबरोबर पानिपतावर होते. आई आणि बायको बरोबर होत्या. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. नाना त्यातून कसेबसे निसटले, पत्नी वाचल्या, आई मात्र परत आल्या नाहीत. आपल्या या लहानपणाचा आणि पानिपताचा वृत्तांत नानांनी स्वतः लिहून ठेवला आहे. छोटेखानी आत्मचरित्रच ते. आपली भीती आणि आपले दोष त्यांनी त्यात लपवलेले नाहीत.

पुढे पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नानांची गणना झाली. तीन पूर्ण आणि अर्धे नाना, कारण नानांना तलवार चालवता येत नव्हती. मला वाटते, तो अर्धा शहाणपणा पानिपतातूनच आला असावा. युद्धाचे बिल शेवटी कोण भरते, हे त्या मुलाने एकोणिसाव्या वर्षी पाहिले होते.

आता आपण युद्धाकडे येऊ. शाळेत त्याला पहिले इंग्रज-मराठा युद्ध म्हणतात. १७७२ मध्ये थोरले माधवराव गेले. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादा पेशवे झाले, पण कारभाऱ्यांनी त्यांना मानले नाही. नाना, सखारामबापू बोकील आणि इतरांनी मिळून बारभाईंचे कारस्थान उभे केले. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला. त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने बारभाईंनी कारभार हाती घेतला. राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

मुंबईकर इंग्रजांना कित्येक वर्षे दोन गोष्टी हव्या होत्या, साष्टी आणि वसई. मुंबई हे तेव्हा लहानसे बेट होते. बंदर उत्तम, पण पोट भरायला जमीन नाही. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीवर हात ठेवला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांनी त्यांच्याशी तह केला आणि साष्टीबरोबर वसईही त्यांच्या नावे लिहून दिली. म्हणजे युद्धाच्या पहिल्याच कागदावर वसईचे नाव होते. गहाण टाकणाऱ्याकडे मालकीचा कागद नव्हता. तारण म्हणून असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो लगेच परत केला असता. पण घेणाऱ्याला माल हवा असला की तो कागद बघत नाही.

इथपर्यंतची गोष्ट घरची होती. पुढे ती जगाची झाली.

१७७५ मध्येच अटलांटिकपलीकडे अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या होत्या. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने त्यांच्याशी तह केला आणि तो युद्धात उतरला. मागून स्पेन आला, हॉलंडही ओढला गेला. वेस्ट इंडिजच्या बेटांपासून जिब्राल्टरपर्यंत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सिंहलद्वीपातल्या त्रिंकोमालीपर्यंत तोफा वाजू लागल्या. त्या काळी पसरू शकत होते तेवढ्या जगभर हे युद्ध पसरले, आणि त्याचे एक टोक आपल्या दारात होते. सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७७७ मध्ये पुण्यात येऊन राहिला होता. तो आपल्याला फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवत असे. त्याच्या बोलण्यात भरीव किती आणि फुगवलेले किती हे नानांना कळत नव्हते असे नाही. पण त्याचा त्यांनी दरबारी इतमामाने सत्कार केला आणि ती बातमी मुंबईला पोचेल याची व्यवस्थाही होऊ दिली. फ्रेंचांना चौलचे बंदर मिळणार या हुलीने इंग्रजांची झोप उडाली. हातात रक्कम नसताना नुसत्या पतीवर व्यवहार कसा करावा, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची फौज राघोबादादांना घेऊन पुण्याकडे निघाली आणि वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. तिथे इंग्रजांनी साष्टीसकट सगळे परत करण्याचे लिहून दिले आणि सुटका करून घेतली. मुंबईला पोचताच त्यांनी ते लिखाण नाकारले. साष्टी कागदावर परत आली, पण तो चेक वटला नाही.

तेव्हा नानांनी मोठी मोट बांधली. हैदराबादचा निजाम, म्हैसूरचा हैदरअली, नागपूरकर भोसले आणि पुणे दरबार अशा चौघांनी चार बाजूंनी इंग्रजांवर उठायचे ठरले. यातल्या प्रत्येकाचे दुसऱ्याशी जुने भांडण होते. हैदराने तर मराठ्यांचा कृष्णेखालचा मुलूख दाबला होता. नानांनी ती थकबाकी बाजूला ठेवली. १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात त्याने पोलिलूरला इंग्रजांची एक अख्खी तुकडी बुडवली. निजाम मात्र बसून राहिला आणि भोसल्यांनी हात आखडता घेतला. चौघांच्या मोटेत दोघेच ओढणारे निघाले.

याच सुमारास वसईवर संकट आले. जनरल गॉडर्ड बंगालची फौज घेऊन देश ओलांडून सुरतेला पोचला होता. १७८० च्या नोव्हेंबरात तो वसईसमोर येऊन ठाकला. किल्ल्याच्या सुटकेसाठी पुण्याहून रामचंद्र गणेश कानडे निघाले. वज्रेश्वरीजवळचे दुगाड आपल्याला कुंडांच्या वाटेवरचे गाव म्हणून माहीत असते. तिथे कर्नल हार्टलेच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. वेढ्यातल्या वसईला वाचवायचे तर ही फळी फोडायलाच हवी होती. पण ११ डिसेंबरला वसई पडली. दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, सकाळच्या धुक्याचा फायदा घेऊन चालून जात असता रामचंद्र गणेश गोळी लागून पडले. ज्या वसईसाठी ते लढत होते ती आदल्याच दिवशी गेली होती. वज्रेश्वरीला मी लहानपणापासून जातो. दुगाड जाता-येता कितीदा लागले असेल. तिथे एवढा मोठा सेनापती आपल्या गावासाठी मेला, हे मला साठी उलटल्यावर कळावे याची लाज वाटली.

वसई गेल्यावर पुण्यात हाय खाल्ली गेली नाही. गॉडर्ड बोरघाट चढून पुण्यावर येऊ पाहत होता. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याची रसद तोडली, कोकणात उतरून मागचा रस्ता धरला. एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्डला शेकडो माणसे गमावून पनवेलला माघार घ्यावी लागली. उत्तरेत महादजी शिंद्यांना मात्र माळव्यात मार बसला. ग्वाल्हेरचा किल्ला आधीच, ऑगस्ट १७८० मध्ये, इंग्रजांनी घेतला होता. म्हणजे दोन्ही पक्षांच्या वहीत जमेलाही काही होते आणि नावेही बरेच होते.

त्यातून इंग्रजांची तिजोरी रिकामी होत चालली होती. कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जला मुंबई आणि मद्रास या दोन्ही इलाख्यांचे युद्ध पोसावे लागत होते. पैशासाठी त्याने काशीच्या राजा चेतसिंगाचा गळा धरला, अवधच्या बेगमांच्या खजिन्यावर हात टाकला. पुढे याच गोष्टींसाठी त्याला इंग्लंडच्या पार्लमेंटसमोर वर्षानुवर्षे आरोपी म्हणून उभे राहावे लागले. ऑक्टोबर १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण गेला. १७८२ च्या आरंभी सुफ्रें नावाचा कसलेला फ्रेंच दर्यावर्दी आरमार घेऊन मद्रासच्या किनाऱ्यावर आला. इंग्रजांना आता कुठले तरी एक खाते बंद करणे भाग होते. त्यांनी मराठ्यांचे निवडले.

बोलणी महादजींमार्फत झाली. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईच्या मुक्कामी कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांच्या वतीने महादजी यांनी तह केला. तहाची कलमे सतरा. १७७६ च्या पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख, वसईसकट, पेशव्यांना परत मिळायचा होता. साष्टी आणि घारापुरी, करंजा वगैरे जवळची लहान बेटे इंग्रजांकडे राहायची होती. राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडायचा आणि दादांनी दरमहा २५ हजार रुपये घेऊन स्वस्थ बसायचे. पोर्तुगीज सोडून इतर युरोपियनांना पेशव्यांनी आपल्या राज्यात वखारी घालू द्यायच्या नाहीत. आणि हैदराला इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत सोडायला लावायचे. या सगळ्याला दोन्ही बाजूंनी जामीन राहिले महादजी.

हेस्टिंग्जने जूनमध्ये तहाला मान्यता दिली. नानांनी दिली नाही.

जून गेला, जुलै गेला, पावसाळा सरला, दसरा-दिवाळी झाली. नाना थांबले. तिकडे हैदर लढत होता, सुफ्रेंचे आरमार किनाऱ्यावर फिरत होते. इंग्रजांना घाई होती आणि नानांना ती दिसत होती. जोवर सही होत नाही तोवर साष्टीची आशा पुरती सुटलेली नाही. आणखी एक गोष्ट होती. हैदराला या युद्धात नानांनीच ओढले होते. त्याच्या मागे त्याचे नाव घालून केलेला तह मान्य करणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. हा पेच सुटला तो मरणाने. ७ डिसेंबर १७८२ ला चित्तूरजवळ छावणीत हैदरअली वारला. २० डिसेंबरला नानांनी तह मान्य केला. या दोन तारखांची सांगड इतिहासकार घालतात आणि मलाही ती पटते. पुढे २४ फेब्रुवारी १७८३ ला करारनाम्यांची अदलाबदल झाली आणि वसईचे आपल्याकडे येणे पक्के झाले.

सही थांबवण्याची किंमत मला माझ्या नोकरीत कळली, आणि ती चुकून कळली. एका शाखेत असताना एका कारखानदाराचे थकलेले कर्ज तडजोडीने मिटवायचे होते. मार्चअखेर जवळ आली होती. आकडा वर्षाच्या आत दाखवायचा म्हणून मी घाई केली. पुढच्या तारखांचे चेक घेतले, कागदावर सही केली आणि तारणाचे कागद परत दिले. एप्रिलचा चेक वटला, बाकीचे परत आले. चूक माझी होती आणि मेमोही मलाच मिळाला. त्या रात्री घरी जाताना खाडीच्या पुलावर मला वाटले होते, की आपण फक्त दोन आठवडे थांबलो असतो तर! नाना सात महिने थांबले. पाठीशी रिकामी तिजोरी, समोर जगातले सर्वांत मोठे आरमार आणि बाजूला आपलाच मुत्सद्दी जामीन होऊन बसलेला, अशा अवस्थेत थांबले. एवढे थांबून साष्टी मिळाली नाही ती नाहीच. पण जे मिळाले ते वटले.

महादजी आणि नाना यांचे पटत नव्हते. तहाने महादजींचे वजन वाढले याचे नानांना वैषम्य होते, तर पुण्यात बसून आपल्याला वेसण घालणारा कारकून अशी महादजींची भावना असावी. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही. त्या दोघांची मैत्री असायलाच हवी असे नाही. माझ्या एका सहकाऱ्याशी मी वर्षभर कामापलीकडे बोललो नव्हतो, पण रोज सकाळी दोघांच्या किल्ल्या एकाच वेळी लागत. सालबाईचे तसेच झाले. महादजींनी इंग्रजांना मेजावर आणले आणि नानांनी सही अडवून धरली. एकाची किल्ली असती तर दार उघडले नसते.

या महायुद्धाचा शेवटही आपल्याच देशात झाला. जानेवारी १७८३ मध्ये युरोपात इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेन यांनी तहाच्या मसुद्यावर सह्या केल्या. पण बातमी जहाजाने यायची. जूनमध्ये पाँडिचेरीजवळच्या कडलूरला इंग्रज आणि फ्रेंच जमिनीवर व समुद्रावर लढतच होते. तह झाल्यावर जवळजवळ पाच महिन्यांनी माणसे मरत होती. जूनअखेर बातमी आली आणि तोफा थांबल्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ चा. हैदराचा मुलगा टिपू त्यानंतरही लढला आणि मार्च १७८४ मध्ये मंगळूरला त्याने इंग्रजांशी तह केला. राघोबादादा कोपरगावी राहायला गेले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. अमेरिका स्वतंत्र झाली, वसई परत आली, साष्टी राहिली. जगाच्या वहीत या तिन्ही नोंदी एकाच पानावरच्या आहेत.

युद्ध संपले म्हणजे सगळे संपत नाही. नंतरचे हप्ते भरायचे असतात.

नानांनी ते जवळजवळ वीस वर्षे भरले असे म्हणता येईल. सालबाईपासून १८०३ पर्यंत मराठे आणि इंग्रज यांच्यात युद्ध झाले नाही. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. त्याच्या वर्तुळातल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने सवाई माधवराव आणि नाना यांचे जे चित्र काढले, त्यामुळे नानांचा लांबोडा, सावध चेहरा आज आपल्याला परिचित आहे. इंग्रजांशी व्यवहार चालू होता, पण त्यांची फौज पुण्यात ठेवून घ्यायला नाना तयार झाले नाहीत. भाड्याची फौज घरात घेतली की घर भाड्याचे होते, हे त्यांना उमजत होते.

पण ऑडिट करायचे तर सगळ्या पानांचे करावे लागते. घाशीराम कोतवालाचे प्रकरण १७९१ चे, नानांच्या नाकाखाली घडलेले. विजय तेंडुलकरांच्या नाटकातले नाना खरे की बखरीतले, यावर आपल्याकडे खूप वाद झाले. पण आपल्या नेमलेल्या माणसावर नजर ठेवण्यात नाना चुकले, हे नाटक बाजूला ठेवले तरी उरतेच. दुसरी चूक अधिक खोल होती. सवाई माधवरावांना त्यांनी फुलासारखे जपले आणि फुलासारखेच ठेवले. राज्याच्या धन्याला राज्य चालवायला शिकवले नाही. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला महादजी गेले आणि एक किल्ली हरवली. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामावर मोठा विजय मिळाला आणि त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून गेले. वय एकवीस. मग राघोबादादांचेच चिरंजीव दुसरे बाजीराव गादीवर आले. ज्यांना दूर ठेवायला एवढे युद्ध झाले होते, त्यांचेच घर शेवटी धनी झाले. १७९७ च्या वर्षअखेरीस दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने कैद केले. काही महिने अहमदनगरच्या किल्ल्यात काढून ते सुटले, पुन्हा कारभारात आले, पण आता अंगात त्राण उरले नव्हते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात ते वारले. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट पामर याने आपल्या वरिष्ठांना कळवले, की नानांबरोबर मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम गेला. प्रतिपक्षाचा दाखला म्हणून तो महत्त्वाचा.

मी निवृत्त झालो तेव्हा चार्ज द्यायला मला चार दिवस लागले. किल्ल्या, रजिस्टरे, थकीत खात्यांची यादी, कुठल्या कर्जदाराशी कसे बोलावे याच्या तोंडी सूचना. नवा अधिकारी वयाने लहान होता आणि थोडा कंटाळलाही होता. तरी मी नेटाने सगळे सांगितले. नानांनी चार्ज कोणालाच दिला नाही. कदाचित द्यावा असा कोणी त्यांनी जवळ उभाच राहू दिला नाही. सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

पुढे काय झाले ते आमच्या वसईने पाहिले. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंद्यांच्या आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव कोकणात पळाले आणि इंग्रजांच्या मदतीने डिसेंबरात समुद्रमार्गे वसईला उतरले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथे तह झाला. इंग्रजांच्या सहा पलटणी कायमच्या घ्यायच्या, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध करायचे नाही की तह करायचा नाही. राघोबादादांनी सुरतेला वसई लिहून दिली होती. त्यांच्या मुलाने वसईला बसून दौलत लिहून दिली. रामचंद्र गणेश ज्या गावासाठी पडले, नाना ज्या गावासाठी सात महिने सही अडवून बसले, त्याच गावात नानांच्या मृत्यूनंतर तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा. १८१८ मध्ये पेशवाईच संपली.

वाईजवळ मेणवलीला नानांचा वाडा आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघे नवरा-बायको गेलो होतो. कृष्णेच्या घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. पोर्तुगीजांच्या वसईवरच्या मोहिमेनंतर ती इकडे आली, असे तिथे सांगतात. माझ्या बायकोने त्या आकृतीवरून हात फिरवला. आमच्या शेजारच्या कुपारी घरातली आजी असाच देव्हाऱ्याला हात लावून कपाळाला लावते. विजय म्हणून आणलेली ती घंटा आता कोणाच्याच विजयाची राहिलेली नाही. संध्याकाळी गावातली पोरे ती वाजवतात.

नातीला मी हे सगळे एकदा बसून सांगितले. तिने शेवटी विचारले, की मग त्या युद्धात आपण जिंकलो की हरलो. मी तिला वहीचे एक पान आखून दिले. एका बाजूला वसई लिही आणि वीस वर्षांची शांतता लिही म्हटले, दुसऱ्या बाजूला साष्टी, आणि साष्टीखाली, न दिलेला चार्ज. बेरीज तिच्यावर सोपवली. तिने बराच वेळ पानाकडे पाहिले आणि रामचंद्र गणेशांना कुठल्या बाजूला लिहायचे असे विचारले. मी एवढी वर्षे हिशेब केले, पण याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते पान तिने तसेच ठेवले आहे.

परवा तिच्याबरोबर गाडीने मुंबईला निघालो होतो. नायगाव सुटले, पूल आला, भजनात अभंग चालू होता. भाईंदरची वस्ती दिसू लागली तेव्हा तिने खिडकीतून बोट करून मला साष्टी दाखवली.